दाजींचे बूट आणि आठ नंबरचा हरभरा

साहेब, तुम्ही लिहिलंत की रोग या माणसाच्या पायांनी शेतात गेला. खाली सही केलीत, शिक्का मारलात आणि घंटी वाजवून चहा मागवलात. मी खिडकीबाहेर उभा होतो, घंटी मला ऐकू आली. आमच्या शेजारच्या मोटारवाल्याच्या शेतात तुम्ही वीस मिनिटं होतात. त्यातली दहा बांधावर सावली शोधण्यात गेली. उरलेल्या दहांत एका माणसाची बारा वर्षं संपवलीत.

तुमचं नाव मी लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक म्हणतील, याचा एका माणसावर राग आहे. राग खुर्चीवर आहे. आज तिच्यात तुम्ही बसलाय, म्हणून तुम्हालाच ऐकावं लागेल.

ज्यांचे पाय तुम्ही कागदावर चढवलेत ते माझे दाजी, माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तुमच्या संशोधन केंद्राच्या मागच्या अंगाला तारेच्या कुंपणात जो रोगवाफा आहे, तो बारा वर्षं त्यांनी सांभाळला. रोगवाफा म्हणजे काय, हे फाटकाबाहेरच्या माणसाला सांगायला लागतं. सगळं जग शेतातला रोग घालवतं, दाजी रोग पाळायचे. हरभऱ्याची मर. जमिनीतली बुरशी मुळातून शिरते, झाडाच्या आतल्या नळ्या बुजवते आणि झाड हिरवंच्या हिरवं मान टाकतं. त्या वाफ्यात मेलेली झाडं दाजी उपटून वाळवायचे, कोयत्यानं बारीक करायचे आणि परत त्याच मातीत गाडायचे. म्हणजे पुढच्या वर्षी मर आणखी जोरात. त्या मातीत शंभर वाण पेरायचे आणि जो उभा राहील तो कामाचा. दर दोन ओळींनंतर तिसरी ओळ मरायलाच पेरलेली असायची. पंचवीस दिवसांत ती पूर्ण झोपली, तर माती नीट रोगी आहे असं समजायचं. नाही झोपली तर सगळं वर्ष फुकट.

चहाच्या टपरीवर लोक दाजींना मरवाला म्हणायचे. "मरवाले, आमच्या कुंड्यांकडे बघू नका हो, फूल गळेल." दाजी हसायचे. म्हणायचे, "तुझ्या कुंडीला मी कशाला हवा, तिला तू पुरेसा आहेस."

त्या वाफ्याचे बूट वेगळे होते. गुडघ्यापर्यंत रबरी, काळे. वाफ्याच्या दाराशी सिमेंटचं उथळ टाकं, त्यात औषधाचं पाणी. बाहेर पडताना बूट त्यात बुडवायचे, ब्रशानं तळ घासायचे आणि तिथंच खुंटीला उलटे टांगायचे. मग दाजी काडी घेऊन नखांतली माती काढत बसायचे. एकदा मी दाराशी ताटकळलो होतो. म्हटलं, "दाजी, नवरीसुद्धा एवढा वेळ लावत नाही."

"नवरी कुणाचं शेत मारत नाही, मेव्हणे," ते म्हणाले. "बस जरा."

बारा वर्षांत एकदाच ते बूट फाटकाबाहेर गेले. कशासाठी गेले, ते तुमच्या कागदात नाही. म्हणून मी लिहितो.

माझी ताई त्याच केंद्रात संकराच्या तुकड्यात कामाला आहे. तिला चिमटेवाली म्हणतात. हरभऱ्याची कळी किती असते? तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी. सकाळी ऊन चढायच्या आत उकिडवं बसायचं, कळी डाव्या चिमटीत धरायची, उजव्या हातातल्या चिमट्यानं पाकळी बाजूला करून आतले दहा पुंकेसर एकेक करून काढायचे. मधला धागा मोडला की कळी गेली. मग दुसऱ्या झाडाचा पराग त्यावर लावायचा आणि देठाला रंगीत दोरा बांधायचा. शंभर कळ्यांत पंधरा धरल्या तरी साहेब लोक खूश. ताईच्या तीस धरतात. पानांवर सुटणाऱ्या आंबट आंबेनं तिच्या बोटांची टोकं कायम सोललेली असतात. घरी भांडी घासताना ती दात आवळते.

गेल्याच्या आधीच्या हंगामात, सकाळी आठ वाजता, बायका तुकड्यात बसलेल्या असताना शेजारच्या तुकड्यात फवारणी सुरू झाली. वारा कुठला आहे हे कुणी बघितलं नाही. बायकांना उठा म्हणून कुणी सांगितलं नाही. तिघींना मळमळलं. ताई तोंडावर पडली, तोंडाला फेस आला. कुणीतरी रोगवाफ्याकडे ओरडत गेलं. दाजी धावले. औषधाच्या टाक्यावरून उडी मारून धावले. बूट काढायचं भान कुणाला राहील? त्यांनी ताईला खांद्यावर टाकली आणि मागच्या फाटकातून जवळच्या वाटेनं रस्त्याकडे निघाले. ती वाट मोटारवाल्याच्या शेतातून जाते.

मोटारवाला म्हणजे पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा आमचा शेजारी. केंद्राला लागून त्याचं शेत. तो बांधावर मोटार उघडून बसला होता. हातातला पाना टाकला, टेम्पो काढला आणि ताईला दवाखान्यात पोहोचवली. डॉक्टर म्हणाले, अर्धा तास उशीर झाला असता तर कठीण होतं.

ताई वाचली. घरी आल्यावर दाजींनी पायांकडे पाहिलं. बूट पायातच होते. ते ओसरीवर बसले आणि काडीनं तळाच्या खाचा कोरू लागले. खाचा जवळजवळ रिकाम्या होत्या. माती वाटेत गळून गेली होती.

यंदा नव्हे, मागच्या हिवाळ्यात मोटारवाल्याचं शेत मेलं. पेरून सव्वीस दिवस झाले होते. आधी पाच-सहा झाडांनी माना टाकल्या, मग घोंगडी पसरावी तसं पसरत गेलं. दहा दिवसांत सगळं शेत पिवळं. त्यानं अर्ज दिला, तुम्ही आलात, सोबत चार माणसं आणि एक छत्री. तुम्ही विचारलंत, "रोगवाफ्यातून इकडे कुणी येतं-जातं का?"

मोटारवाल्यानं दाजींचं नाव घेतलं नाही, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. दाजीच पुढे झाले.

"साहेब, मी आलो होतो. बुटांसकट."

"काय?"

"गेल्या साली. बायको पडली तेव्हा. टाक्यात पाय बुडवायचं राहिलं."

तुमच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते मला चांगलं आठवतं. हरवलेली किल्ली सापडल्यासारखं. चार दिवसांत कागद आला: निष्काळजीपणामुळे रोगाचा प्रसार, सबब कामावरून कमी. बायको का पडली, याबद्दल त्यात एक शब्द नाही.

आणि दाजींनी तो कागद मानला. तुम्ही दोषी म्हणालात म्हणून नव्हे. रोगवाफ्याची माती काय करते हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं म्हणून. ते जेवायला बसायचे आणि घास हातात घेऊन थांबायचे. ज्यानं माझी बायको वाचवली त्याचंच शेत मी मारलं, हे एकदा त्यांनी मला सांगितलं. मी म्हटलं, "दाजी, उगाच मनाला लावून घेऊ नका." ते म्हणाले, "मग कशाला लावून घेऊ? भिंतीला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मोटारवाल्याच्या शेतात जाऊन उभे राहिले.

"काय काम आहे?" मोटारवाला मोटारीचं वेटोळं गुंडाळत होता, वर न बघता म्हणाला.

"मेलेली झाडं उपटतो. जाळायला हवीत. मातीत राहिली तर पुढच्या सालीही हेच."

"तुझ्या हातानं?"

"हाताला काही नाही. जे होतं ते पायाला होतं."

मोटारवाल्यानं हातातलं वेटोळं खाली ठेवलं. "कोपऱ्यापासून सुरू कर. आणि पाणी प्यायला घरात यायचं नाही. बायको ओरडते, घरात रोग येईल म्हणून."

"माणसाला होत नाही ती."

"ते तू तिला सांग. मला घरात राहायचंय."

तीन दिवस दाजी वाकून झाडं उपटत होते. त्यांच्यासाठी बांधावर एक वेगळा तांब्या ठेवला होता. पोरं रस्त्यावरून जाताना ओरडायची, "मरवाला, मरवाला!" पूर्वी ती चेष्टा होती, आता तिला धार आली होती. दाजी मान वर करत नसत. मी दुपारी बांधकामावरून सुटलो की मदतीला जायचो. मी गवंडी आहे, वाकायची सवय आहे, पण हरभऱ्याच्या आंबेची नाही. संध्याकाळपर्यंत माझे हात असे चरचरायचे की घमेलं धरवत नसे.

तिसऱ्या दिवशी केंद्रातून सुटून ताई आली. डोक्याला फडकं, पदराला चिमटा तसाच खोचलेला. ती वाकून उपटू लागली. चार-पाच झाडं उपटली आणि थांबली. एक झाड हातात धरून उलटंपालटं करून पाहिलं. देठावरचा जांभळा पट्टा पाहिला, पानाचं टोक पाहिलं.

"भाऊ," तिनं मोटारवाल्याला हाक मारली. "बियाणं कुठलं पेरलंत?"

"तुमच्याच केंद्राच्या खिडकीवरून आणलं. आठ नंबर. पिशवी घरात आहे, सीलसकट. मर येणार नाही म्हणून लिहिलंय वर. हसायला येतं आता."

ताई हसली नाही. ती जमिनीवर बसली, पदराचा चिमटा काढून त्यानं झाड धरलं आणि कोयत्याच्या टोकानं देठ उभा चिरला. आत मधोमध काळपट रेघ. मरच होती, शंकाच नाही.

"अहो," ती दाजींना म्हणाली, "इकडे या जरा."

"काय?"

"आठ नंबर आहे हा."

"असेल."

"असेल काय? तुमच्या वाफ्यात आठ नंबर किती वर्षं पेरताय?"

दाजी कंबरेला हात लावून उभे राहिले. "अकरा."

"किती झाडं मेली?"

"आठ नंबरची? एकही नाही. तो मरतच नाही. म्हणून तर त्याला…" ते बोलता बोलता थांबले.

मी आळीपाळीनं दोघांकडे बघत होतो. मला काही उमगलं नव्हतं. मोटारवालाही जवळ येऊन उभा होता.

ताई हळू बोलली, लहान मुलाला समजावावं तशी. "तुमच्या वाफ्यातली मर आठ नंबरला मारू शकत नाही. अकरा वर्षं तिनं प्रयत्न केला. जाडजूड, पोसलेली, खाऊन-पिऊन माजलेली मर, तिला नाही जमलं. मग तुमच्या बुटाला चिकटून आलेली मूठभर माती इथं येऊन आख्खं शेत कसं मारेल?"

बांधापलीकडे कुणाची तरी मोटार सुरू झाली.

"म्हणजे ही मर वेगळी आहे," दाजी म्हणाले.

"मर म्हणजे मर," मोटारवाला म्हणाला. "वेगळी कशी असेल?"

"तुझ्याकडे येणाऱ्या सगळ्या मोटारी बंद पडलेल्याच असतात ना?" दाजी एकदम त्याच्याकडे वळले. किती दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा आला. "सगळ्या एकाच कारणानं बंद पडतात का?"

मोटारवाला घरात गेला आणि पाण्याचा तांब्या घेऊन आला. घरातला तांब्या. दाजींच्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी दाजी तुमच्या दारात आले. तुमच्या शिपायानं त्यांना चपला फाटकाबाहेर काढायला लावल्या. बाकी सगळे चपला घालून आत-बाहेर करत होते. दाजी तापलेल्या फरशीवर अनवाणी दोन तास उभे होते. हातात मोटारवाल्याची सील असलेली पिशवी होती. तुम्ही पिशवी पाहिलीत, बाजूला सरकवलीत.

"हे बघ, बुरशीशास्त्र तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाही साहेब. विचारतोय. आठ नंबर का मेला?"

"पेरणीत चूक झाली असेल. पाणी जास्त झालं असेल. शंभर कारणं असतात."

"मग माझे बूट त्या शंभरातले कितवे?"

तुम्ही घंटी वाजवलीत. या वेळी चहासाठी नाही, शिपायासाठी.

तुम्हाला कळलं नव्हतं असं मी म्हणत नाही. तुम्हाला त्याच क्षणी कळलं. आठ नंबर मेला हे मान्य केलं, तर नवी मर आली हे मान्य करावं लागतं. मग पिशवीवरचं छापलेलं वाक्य पुसावं लागतं आणि ज्यांनी ज्यांनी ती पिशवी नेली त्यांना सावध करावं लागतं. त्यापेक्षा एका माणसाचे बूट सोपे.

तुमच्याच केंद्रात एक बाई आहेत. आम्ही त्यांना काचवाल्या बाई म्हणतो, कारण दिवसभर त्या काचेच्या खोलीत असतात. वय लहान, चष्मा मोठा. ताईनं त्यांना चिरलेला देठ कागदात गुंडाळून दाखवला. संध्याकाळी बाई सायकलवरून आमच्या घरी आल्या. दाजींनी घाईघाईनं खुर्ची पुसली.

"काका, बसते मी खालीच. तुम्ही म्हणता ते बरोबर असेल तर ते दाखवून देता येईल. पण दाखवायला लागेल. नुसतं म्हणून कुणी ऐकणार नाही."

"माझं तर नाहीच ऐकणार."

"माझंही कुठे ऐकतात," बाई म्हणाल्या आणि पिशवीतून कागदाच्या दहा पुड्या काढल्या. "हे दहा वाण. कुठली मर कुठल्याला मारते हे बहुतेकांचं ठरलेलं असतं, एखादा अजून न तपासलेलाही घेतलाय. नोंद करून आणलेत, चोरून नाही. मोटारवाल्यांच्या शेतातली माती तुमच्या अंगणात दहा डब्यांत भरा आणि पेरा. ती माती केंद्रात यायला नको, आणि वाफ्यातली माती इकडे यायला नको. तेच दहा वाण मी तिकडे वाफ्याच्या मातीत पेरते. महिन्यानं बघू."

"बाई, एक विचारू?" मी म्हटलं. "आठ नंबर एका मरीला भीक घालत नाही आणि दुसरीपुढे आडवा होतो. असं का?"

बाईंनी चष्मा वर सरकवला. "आठ नंबरला एकच चोर ओळखता येतो. समजा मिशीवाला. तो आला की झाड आतून सगळ्या कड्या लावून घेतं. बिनमिशीचा आला, तर आठ नंबर म्हणतो, या, बसा."

दाजी मोठ्यानं हसले. ताईनं माझ्याकडे पाहिलं, मी ताईकडे. किती आठवड्यांनी ते हसत होते.

रंगाचे रिकामे डबे मी बांधकामावरून आणले. तळाला भोकं पाडली. दाजींनी माती चाळली, प्रत्येक डब्यात बारा दाणे, बोटाच्या दुसऱ्या पेरापर्यंत खोल. प्रत्येक डब्यावर खडूनं पुडीवरचा आकडा, आठ नंबर आठव्यात. अंगणात जाताना पायात वेगळ्या चपला, येताना औषधाच्या पाण्याचं घमेलं. माझी भाची म्हणाली, "बाबा, केंद्रच घरी आणलं." ते म्हणाले, "केंद्रात मला अनवाणी उभं करतात. हे बरं."

त्या महिन्यात दाजी माझ्या हाताखाली कामाला होते. बारा वर्षं रोपांना हात लावणारा माणूस विटा उचलत होता. पहिल्या आठवड्यात तळहात फुटले. मला वाईट वाटायचं, पण त्यांना सांगितलं असतं तर राग आला असता, म्हणून मी शिव्याच द्यायचो. "दाजी, वीट आहे ती, कळी नाही. एवढी हळू ठेवलीत तर घर म्हाताऱ्या मालकाच्या नातवालाच मिळेल." ते म्हणायचे, "मेव्हणे, तुमची भिंत बघितली मी. तिला आधीच मर लागलीय."

बाविसाव्या दिवशी डबा क्रमांक दोन आणि पाच झोपले. चोविसाव्याला आठ नंबरच्या डब्यात तीन झाडांनी माना टाकल्या. सकाळी हिरवीगार, दुपारी ओल्या फडक्यासारखी. दाजी डब्यासमोर उकिडवे बसून राहिले. कुणाच्याही शेतातलं झाड मेलं तर हळहळणारा माणूस, आणि त्याच्या तोंडून शब्द आला, "मर, मर. सगळी मर."

तिसाव्या दिवशी आठ नंबरच्या डब्यात एकही झाड उभं नव्हतं. बाई तिकडून आल्या. त्यांच्याकडे वाफ्याच्या मातीत आठ नंबरची बाराच्या बारा झाडं उभी होती. त्यांनी दोन्हीकडच्या बुरश्या काचेच्या खोलीत वाढवल्या होत्या, त्यांची जनुकं तपासायला पाठवली होती. त्याचा कागद आठवड्यानं आला. बाईंनी तो आमच्या ओसरीवर वाचून दाखवला आणि मग साध्या भाषेत सांगितलं: दिसायला दोघी सारख्या, पण घराणी वेगळी. एकीतून दुसरी निघालेली नाही. मोटारवाल्याच्या शेतातली मर रोगवाफ्यातून गेलेलीच नाही. ती बाहेरून आली, वाऱ्यापावसानं की बियाण्यातून, ते अजून शोधायचं आहे.

मोटारवाला पायरीवर बसला होता. तो उठला, दाजींसमोर आला. म्हणाला, "तुझ्या घरची मोटार आवाज करते म्हणे."

"आमच्याकडे मोटार नाही," दाजी म्हणाले.

"मग घ्या एक. म्हणजे दुरुस्त करता येईल मला."

आणि त्या गडबडीत ताई एकटी डब्यांकडे बघत होती. दहातले आठ डबे मेले होते. दोन उभे होते. एकाचं नाव बाईंना पाठ होतं, तो बाहेरच्या देशातून आलेला जुना वाण, दाणा काळा, कुणी खात नाही. दुसऱ्या डब्यावर खडूनं लिहिलं होतं: नऊ.

"बाई, नवाची पुडी कुठल्या संकराची?"

बाईंनी वही उघडली. पान उलटलं. बोट थांबलं. "चार वर्षांपूर्वीचा. त्या काळ्या वाणाचा पराग आठ नंबरवर. पिवळा दोरा. दाणा मध्यम म्हणून साहेबांनी बाजूला टाकला होता." त्यांनी वर पाहिलं. "करणारीच्या रकान्यात सही नाही. अंगठ्याचा ठसा आहे."

"त्या दिवशी बोटं सोलली होती," ताई म्हणाली. "पेन धरवेना."

बाईंनी नवाचं एक पान तोडून नेलं. पुढच्या आठवड्यात ओसरीवर येऊन त्यांनी सांगितलं, तपासात दोन्ही सापडलं. आईकडून मिशीवाला ओळखण्याचा गुण, बापाकडून बिनमिशीचा. नऊ नंबर वाफ्याच्या मातीतही उभा होता आणि आमच्या अंगणातही. मी माझ्या बहिणीकडे पाहिलं. ती पदरानं बोटं झाकत होती. दाजींनी तिचा हात धरून पदरातून बाहेर काढला आणि उजेडात धरला, सगळ्यांसमोर. ती म्हणाली, "अहो, लोक बघतायत." ते म्हणाले, "बघू देत की."

बाईंकडे नवाचं दोन किलो बियाणं होतं. यंदा ते चाचणी म्हणून मोटारवाल्याच्या त्याच शेतात पेरलं. दाजींनी मुठीनं फोकलं नाही, एकेक दाणा बोटानं टोकला. दर दोन ओळींनंतर एक ओळ आठ नंबरची. मोटारवाला कुरकुरला, "मरणारी ओळ कशाला? जागा फुकट." दाजी म्हणाले, "मेली नाही तर कळणार कसं, की जगलेली खरोखर जगली?"

आज पेरणीला त्रेचाळीस दिवस झालेत. आठ नंबरच्या ओळी तपकिरी पडल्यात. त्यांच्या मधून नवाच्या ओळी हिरव्या आहेत, पोटरीला लागतात, फुलं धरली आहेत. सकाळी ताई कामावर जाताना त्या वाटेनं जाते. मोटारवाल्याची बायको तिला हाक मारून आत बोलावते. काल तीन गावचे शेतकरी बांधावर उभे राहून बघत होते. एकानं फुलाला हात लावला, तर दाजी लांबूनच ओरडले, "आधी पाय धुवा!" सगळे हसले, पण पाय धुऊनच आत आले.

तुमच्या केंद्राच्या भिंतीवर आता सूचना लागली आहे: परिसरात मर रोगाचा नवीन प्रकार आढळला आहे, शेतकऱ्यांनी काळजी घ्यावी. कुणी शोधला, कुठे शोधला, काही नाही. काचवाल्या बाईंचं नाव नाही, ताईचा अंगठा नाही. आणि आणखी एक ऐकलं. दाजींच्या जागी जो माणूस ठेवलात त्यानं पेरणीआधी रोगवाफ्यात आठ दिवस पाणी तुंबवून ठेवलं. पाणी साचलं की ती बुरशी गुदमरते, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मरणाऱ्या ओळींतली निम्मी झाडं अजून टुणटुणीत उभी आहेत. तुमचा रोग बरा होतोय, साहेब. आता शंभर वाणांतला चांगला कुठला, हे यंदा तुम्हाला कसं कळणार?

दाजी कामावर घ्या म्हणून याचना करायला येणार नाहीत. बोलावलंत तर येतील, कारण त्या मातीवर त्यांचा जीव आहे. पण आधी दुसरं.

सोमवारी सकाळी दहा वाजता आम्ही चौघं येतोय. दाजी, ताई, मोटारवाला आणि मी. बाईंचा तपासाचा कागद आणि आठ नंबरची पिशवी सोबत असेल. या वेळी चपला कुणी काढणार नाही. तुम्ही ज्या कागदावर लिहिलंत की रोग या माणसाच्या पायांनी गेला, त्याच कागदाखाली, त्याच सहीनं, हे खोटं होतं असं लिहून द्यायचं आहे. आणि त्या दिवशी बायका तुकड्यात बसलेल्या असताना फवारणी कुणाच्या हुकमानं सुरू झाली, ते त्याखाली लिहायचं आहे.

लिहून देता की नाही? हो म्हणा किंवा नाही म्हणा. पण या वेळी घंटी वाजवू नका. तोंडानं सांगा.